चौथ्या ओळीत घसरलेला पडदा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजे आपल्या वृद्धनिवासाच्या समितीचे अध्यक्षसाहेब, वेळात वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या ग्रंथपालबाई, आपल्या व्यवस्थापिकाबाई, खिशावर बटाट्याच्या ठशाची तीन फुलं असलेला एप्रन घालून व्यासपीठावर बसायचं धाडस करणारे आपले डॉक्टर, जिच्या निरोपासाठी हा सगळा घाट घातला ती आपली छापवाली ताई, आणि समोर बसलेल्या, चाकाच्या खुर्चीतल्या, काठी टेकलेल्या, कानात यंत्र घातलेल्या आणि यंत्र खोलीतच विसरून आलेल्या माझ्या सर्व सहनिवासी बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी सेहेचाळीस वर्षं शिंपीकाम केलं. गुरुवारी देतो म्हटलेला कपडा मी गुरुवारी दिल्याचं एकाही गिऱ्हाइकाला आठवत नसेल. तेव्हा पाच मिनिटांचा शब्दही आपण त्याच बेताने धरावा.

खरं तर आज बोलायला मी उभा राहावं, हीच मोठी गंमत आहे. तीन वर्षांपूर्वी ही ताई पहिल्यांदा आली, तेव्हा जेवणाच्या हॉलमध्ये तिच्याकडे पाठ करून बसलेला एकच माणूस होता. तो मी. आठवतंय ना, ताई? हसू नकोस, आठवतंय तुला. (मी हिला ताई म्हणतो आणि वर अरेतुरे करतो. वयाने माझ्या नातीएवढी आहे, पण पहिल्या दिवशी सगळे ताई म्हणाले, मग ते तसंच राहिलं.)

पाहुण्या बाईंना आमचं छापकाम ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहा वाजता ही पोरगी दोन मोठ्या पिशव्या घेऊन येते. पिशवीत काय? अर्धे कापलेले बटाटे, बाटल्यांची झाकणं, झाडांची पानं, जुने स्पंज, खेळण्यातले चौकोनी ठोकळे. घरातला सगळा केर उचलून आणलाय, असं माझं पहिलं मत. टेबलावर जुनं ब्लँकेट अंथरायचं, त्यावर कापड ताणून चिकटपट्टीने पक्कं करायचं. बशीत ओला स्पंज, स्पंजावर रंग. ठसा त्यावर दाबायचा, मग कापडावर दाबायचा, आणि उचलायचा. झालं. ज्यांची बोटं वाकत नाहीत त्यांच्यासाठी तिने ठोकळ्यांच्या पाठीला कपाटाच्या खणाच्या गोल मुठी चिकटवल्या. बटाट्यात काटा-चमचा खुपसून त्याचा दांडा केला. इतकं सोपं की कुणालाही जमावं, आणि माझ्या रागाचं कारण नेमकं तेच होतं.

मी काय म्हणतो ते समजून घ्या. माझं अख्खं आयुष्य कापडावर गेलं. एक सूत इकडेतिकडे झालं तर मी रात्रभर कुढणारा माणूस. आणि इथे येऊन बघतो तर काय, चांगल्या कोऱ्या सुती कापडावर पोस्टमास्तर बटाटा आपटतायत! आपटतायत हं, दाबत नाहीत. जन्मभर पाकिटांवर शिक्के मारलेला माणूस, त्याला हळू म्हणून सांगायचं कुणी? टेबलावरच्या बशा उडायच्या. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आणि त्यात भर म्हणजे माझा उजवा हात. इथे येण्याआधी एका सकाळी तो निकामी झाला, अर्धांगवायूने. कात्री धरणारा हात मांडीवर ठेवून दुसऱ्यांचा पोरखेळ बघायचा, हे मला सहन होत नव्हतं. म्हणून पाठ करून बसायचो.

पण पाठीला कान असतात. तिसऱ्या आठवड्यात ताईने उशांचे अभ्रे काढले आणि म्हणाली, आधी छापू, मग शिवू. मी तसाच, न वळता ओरडलो, "आधी शिवायचं! शिवणीत नक्षी कापली गेली म्हणजे कळेल!" ती म्हणाली, "बरं मास्तर, तुम्ही म्हणाल तसं." अगदी गरीब गाय. अभ्रे आधी शिवून आणले. गणिताच्या बाईंनी फूटपट्टी लावून, मोजून मापून पानं छापली. आणि वाळल्यावर बघतो तर अभ्रा उघडेचना. आत पुठ्ठा घालायचा राहिला होता. रंग आरपार जाऊन पुढची बाजू मागच्या बाजूला चिकटलेली. सोळा अभ्रे, सोळाच्या सोळा! ताईने नुसता माझ्यापुढे एक अभ्रा आणून ठेवला. त्या दिवशी मी खुर्ची फिरवली. चूक दुरुस्त करण्यापुरती फिरवली होती, ती तशीच राहिली.

डॉक्टरांच्या एप्रनची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, ती मी सांगत नाही. फक्त एवढंच म्हणतो, डॉक्टर, खुर्चीच्या पाठीवर पांढरं कापड टाकून आपण रक्तदाब तपासायला गेलात, यात आमचा काय दोष?

असो. आता मुद्द्यावर येतो, नाहीतर अध्यक्षसाहेब घड्याळाकडे बघायला लागतील. बघतच आहेत.

मी इथे एकटा आलो नाही. आमची मंडळी माझ्याबरोबर आहेत. एक्कावन्न वर्षं बरोबर आहेत. दुकानात मी कापायचो, शिवायचो, आणि काजं-बटणं ही करायची. पण तिचं खरं काम वेगळंच होतं. तयार झालेला प्रत्येक कपडा गिऱ्हाइकाला जाण्याआधी ती खिडकीशी उजेडात धरायची आणि त्यातली चूक शोधायची. सापडायचीच. बोट ठेवायची आणि म्हणायची, "अहो, इथे घसरलंय." चाळीस वर्षांत एकदासुद्धा "छान झालंय" म्हणाली नाही. माझी कधी अपेक्षाही नव्हती. ती काही बोलली नाही आणि कपड्याची घडी घातली, की मी समजायचो, हा जमला.

इथे आल्यावर वर्षभरात तिचं विसरणं वाढलं. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. आणि मग ती खोली विसरायला लागली. आपली ती लांब पडवी तुम्ही जाणताच. बावीस दारं. उजेड-वारा यावा म्हणून दिवसभर दारं उघडी आणि प्रत्येकावर तोच फिकट पिवळा पडदा. चांगल्या डोक्याचा माणूसही चुकतो. अध्यक्षसाहेब, गेल्या वर्षीच्या भेटीत आपणही धुलाईच्या खोलीत शिरला होतात, मी कुणाला बोललो नाही. पण आमची ही जेवून परतताना कुठल्याही खोलीत जायची, कुणाच्याही पलंगावर आडवी व्हायची. त्यांचा चष्मा लावायची. कुणी उठवलं की घाबरायची, रडायची.

एक दिवस व्यवस्थापिकाबाईंनी मला बोलावलं. त्यांनी पाणी दिलं, खुर्ची दिली, तेव्हाच मी ओळखलं. त्या म्हणाल्या, "मास्तर, नियम तुम्हाला माहीत आहे. असं वरचेवर झालं तर पलीकडच्या विभागात हलवावं लागतं. त्यांच्याच भल्यासाठी." पलीकडचा विभाग म्हणजे जिथे दाराला बाहेरून कडी असते आणि नवऱ्याला संध्याकाळी चार ते पाच भेटता येतं. मी म्हटलं, मला एक महिना द्या. त्यांनी दिला. महिन्याच्या शेवटच्या सात दिवसांत तिने एकटीने, कुणी हात न धरता, हॉलपासून खोलीपर्यंत यायचं. सातातून पाच वेळा आली तर राहील माझ्याजवळ. मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही तरी आईच्या मागे किती धावणार? तुमचंही वय झालंय." तिचंही चूक नव्हतं. पण मला एक सांगा, एक्कावन्न वर्षं ज्या माणसाने तुमच्या चुका काढल्या, त्याला रोज एक तास भेटून तुमचं भागेल?

मग आमचे प्रयोग सुरू झाले. दारावर आमच्या लग्नाचा फोटो लावला. ती थांबली, निरखून पाहिलं, आणि मला विचारते, "कोण हो हे? मुलगी बरी आहे." मुलगा बरा आहे म्हणाली नाही, याची नोंद घ्यावी. मग पडद्याला लाल फीत बांधली. ती शेजाऱ्यांना इतकी आवडली की दोन दिवसांत चार दारांवर लाल फिती. मी पोस्टमास्तरांशी भांडलो, तर ते म्हणाले, "मास्तर, लाल रंग तुमच्या एकट्याचा आहे का?"

शेवटी मी ताईला गाठलं. जिच्याकडे पाठ करून बसलो होतो, तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो. ती म्हणाली, "पडदा छापू. तुम्हीच छापा." मी म्हटलं, "कुठल्या हाताने?" ती म्हणाली, "जो आहे त्या हाताने." मी दुकान बंद करताना दोऱ्याची रिकामी लाकडी रिळं एका डब्यात आणली होती. कशाला आणली, विचारू नका. ताईने ती पाहिली आणि एक उलटं करून रंगात बुडवलं. कापडावर गोल उमटलं, मध्ये भोक. हुबेहूब बटण.

डाव्या हाताने छापायला बसलो. पहिली ओळ बरी आली. दुसरी, तिसरी. चौथ्या ओळीला रीळ सरकलं, निळ्या रंगाचा फराटा ओढला गेला, आणि पुढची सगळी बटणं उतरत उतरत चालली. मी पडद्याचा बोळा केला आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकला. त्या दिवशी मी ताईलाही वाटेल ते बोललो. काय बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही. ताई, आज सगळ्यांसमक्ष माफी मागतो.

दुसरा पडदा करायला बारा दिवस लागले. आता मी ठरवलं होतं, काम म्हणजे काम. गणिताच्या बाईंनी दोरी लावून रेघा आखून दिल्या, दोन बटणांमध्ये चार बोटांचं अंतर. पोस्टमास्तरांनी माझं मनगट धरलं. खरं सांगतो, मनगट धरलं हे नावालाच, छापलं त्यांनीच. पहिल्यांदाच त्यांनी न आपटता छापलं. पडदा असा झाला की कारखान्यातून आणल्यासारखा. एक बटण इकडचं तिकडे नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, डॉक्टरांनी फोटो काढला, मी छाती काढून पडवीत उभा राहिलो.

आमच्या मंडळी जेवून आल्या. पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ पुढे गेल्या, पोस्टमास्तरांच्या खोलीत शिरल्या आणि त्यांच्या पलंगावर पाय पसरून बसल्या. पोस्टमास्तर मागून आले, तर त्यांनाच विचारते, "आपण कुणाकडे आलात?" आणि हा सभ्य माणूस स्वतःच्या खोलीच्या दारात उभा राहून काय म्हणाला माहीत आहे? "सहजच डोकावलो होतो. येतो मग." आणि तासभर बागेतल्या बाकावर जाऊन बसला. पोस्टमास्तर, बशा उडवल्याचं सगळं त्या दिवशी माफ झालं.

परीक्षेचे सात दिवस दुसऱ्या दिवसापासून सुरू होणार होते. मी खोलीत बसून तिचे कपडे वेगळे काढायला लागलो होतो, पलीकडे द्यायला. तेव्हा ताई आली. हातात घडी घातलेला पडदा. तोच, टोपलीतला. तिने तो त्याच दिवशी काढून घेतला होता, घरी नेऊन वाळवला, उलट्या बाजूने इस्त्री फिरवून रंग पक्का केला आणि कपाटात ठेवून दिला. म्हणाली, "हा लावू या." माझा पारा चढला. "एवढ्या लोकांसमोर माझं वाकडं काम दारावर टांगू? बावीस खोल्यांनी हसावं म्हणून?"

तेव्हा तिने मला एकच प्रश्न विचारला. "मास्तर, हा कपडा कुणाच्या मापाचा आहे? तुमच्या की आजींच्या?"

शिंप्याला विचारायचा प्रश्न हाच. मग ती म्हणाली, "मी दोन वर्षं बघतेय. वर्गात आजी कुणाची फुलं बघत नाहीत, पानं बघत नाहीत. जिथे रंग फासलाय तिथे बरोबर जाऊन बोट ठेवतात. तुमच्या चांगल्या पडद्यात त्यांना बघण्यासारखं काही नव्हतंच." अहो, एक्कावन्न वर्षं मी संसार केला, आणि हे दिसलं कुणाला, तर मंगळवार-शुक्रवार दोन-दोन तास येणाऱ्या पोरीला! मला राग आला, लाज वाटली, आणि कुठेतरी थोडी आशाही वाटली. पडदा लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झालं. सगळे दारादारांत उभे, पण बघत नसल्यासारखे. गणिताच्या बाई भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होत्या, मागच्या महिन्याचं. आमची ही एकटी चालत आली. आमच्या दारावरून पुढे गेली. दोन पावलं गेली, थांबली. मागे वळली. पडद्याजवळ आली, तो दोन्ही हातांनी उजेडात ताणून धरला, आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. "अहो," ती म्हणाली, "इथे घसरलंय."

मी आतून म्हटलं, "हो गं, घसरलंय."

"उसवायला हवं," म्हणाली, आणि सुई शोधायला आत आली. आपल्या पलंगावर बसली, उशाखाली हात घातला, सुई काही सापडली नाही, आणि झोपून गेली.

सातातून पाच वेळा यायचं होतं. ती तीन वेळा आली. उरलेल्या चार दिवशी ती भलतीकडे गेली, मला तिला शोधून आणायला लागलं. पण व्यवस्थापिकाबाईंच्या वहीत त्यातल्या दोन दिवशी "थोडा उशीर झाला" असं लिहिलेलं आहे. बाई, वही मी पाहिली आहे. काळजी करू नका, अध्यक्षसाहेबांचं लक्ष सध्या पुष्पगुच्छाकडे आहे.

या गोष्टीला आठ महिने झाले. डॉक्टरांना विचारलं, हे असं कसं होतं? ते म्हणाले, मला सांगता येणार नाही, आणि हे कायम टिकेल असंही सांगता येणार नाही. मला माहीत आहे. मी काही दूधखुळा नाही. माझं नाव ती विसरली, मी कोण तेही बहुतेक विसरली. मागच्या आठवड्यात ती पलंगावर बसली होती आणि मला खूण करून जवळ बोलावलं. अगदी हळू आवाजात म्हणाली, "हा पडदा ज्यांनी केलाय ना, त्यांचा हात आता नीट चालत नाही. पण तुम्ही त्यांना काही बोलू नका हं. वाईट वाटेल त्यांना." मी म्हटलं, नाही बोलणार. मग मी न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं. चाळीस वर्षं माझ्या तोंडावर चुका काढणारी बाई माझ्या पाठीमागे माझी बाजू घेत होती, हे मला कधी कळलंच नसतं.

ताई, तू उद्या दुसऱ्या गावी चाललीस. तिथेही असंच एक घर आहे, असंच कुणीतरी पाठ करून बसलेलं असणार. त्याला बसू दे. आणि पुठ्ठा घालायला विसरू देऊ नकोस. इथली काळजी करू नकोस. येत्या मंगळवारपासून वर्ग मी घेणार आहे. होय, मी. टाळ्या नकोत, बटाटे आणा. तू जाणार याचं मला फार वाईट वाटतंय, हे मी सरळच सांगतो. इथे कुणालाही विचार, मी असं सहसा बोलत नाही. तुझे आमच्यावर...

अध्यक्षमहाराज, क्षमा असावी, मध्येच थांबतो. तिसऱ्या रांगेतून आमच्या मंडळी उठल्या आहेत. भाषण लांबलं की ती उठते. हे आजारपणामुळे नाही, पहिल्यापासूनचं आहे. नर्सबाई, नाही, नाही, तुम्ही बसा. कुणी तिचा हात धरू नका. पोस्टमास्तर, तेवढी खुर्ची जरा बाजूला. दार उघडं राहू द्या.

ताई, माझ्याकडे नको, तिकडे बघ. कुठे वळली? उजवीकडे ना? बरोबर.

तेव्हा आता आवरतो. अध्यक्षांनी एवढा वेळ ऐकून घेतलं, पाहुण्या बाईंनी हसून घेतलं, व्यवस्थापिकाबाईंनी त्या वहीत जे लिहिलं ते लिहिलं, या सगळ्यांचे मनापासून आभार. बोलताना कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाला एखादा शब्द टोचला असेल, तर म्हाताऱ्याचं बोलणं म्हणून पोटात घाला. चहाला मी थांबू शकत नाही, त्याचीही माफी. मागच्या दाराने गेलं की खोली जवळ पडते. माझी चाल मंद आहे, पण ती पडद्यापाशी थांबते तेवढा वेळ मला पुरतो. तिने "अहो" म्हटलं की आतून ओ द्यायला कुणीतरी हवं.

धन्यवाद. निघतो.